बरबटीचा कासुले

दिवाळी सरली की यवतमाळच्या बाजारात नवी बरबटी येते. कापसाच्या वावरात, धुऱ्याच्या कडेने पेरलेली. घरापुरती ठेवून उरलेली विकायला आणलेली. पुण्या-मुंबईकडे तिला चवळी म्हणतात. उसळ, रस्सा आणि वडे हे तिचे आपल्याकडचे ठरलेले पदार्थ. हिवाळ्यात मी तिचा आणखी एक पदार्थ करते. तो दक्षिण फ्रान्सचा आहे, नाव कासुले.

पांढऱ्या घेवड्याचे दाणे आणि मांस मातीच्या पसरट कुंड्यात घालायचं आणि मंद भट्टीत तासन्‌तास शिजू द्यायचं, हा कासुले. कास्तेलनोदारी, कार्कासोन आणि तुलूझ या तीन गावांचा त्यावर जुना हक्क आणि जुना वाद. प्रोस्पेर मोंतान्ये हा मोठा स्वयंपाकी आणि लेखक स्वतः कार्कासोनचा. त्याने १९२९ मध्ये तिघांनाही मान दिला : कास्तेलनोदारीचा कासुले पिता, कार्कासोनचा पुत्र आणि तुलूझचा पवित्र आत्मा. पहिल्यात डुकराचं मांस, तिसऱ्यात बदक आणि सॉसेज. कार्कासोनच्या कुंड्यात मात्र मटण पडतं, आणि आपल्याला तीच वाट सोयीची.

दाण्याचं काय? या पदार्थाची एक दंतकथा आहे. १३५५ साली इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड, ज्याला ‘ब्लॅक प्रिन्स’ म्हणत, कास्तेलनोदारीवर चालून आला. तेव्हा गावकऱ्यांनी घरोघरचं उरलंसुरलं धान्य आणि मांस एकत्र शिजवलं आणि त्यातून कासुले जन्मला. त्या वर्षी त्याने ते गाव जाळलं एवढं खरं. पण आज कासुलेत पडतो तो घेवडा तेव्हा युरोपात नव्हताच. तो अमेरिकेचा, कोलंबसच्या १४९२ च्या सफरीनंतर समुद्र ओलांडून आला. त्याआधी युरोपची माणसं बाकला खात, आणि आफ्रिकेतून आलेली काळ्या डोळ्याची चवळी खात. बरबटी घालून कासुले करताना मला म्हणूनच जराही संकोच वाटत नाही. दंतकथेतल्या त्या भांड्यात काही शिजलं असेल, तर ते आजच्या घेवड्यापेक्षा आपल्या बरबटीच्या जवळचं असणार.

आता वेळेचं. अस्सल कासुले दोन-तीन दिवसांचा उद्योग आहे. नोकरी करणाऱ्या किंवा सकाळी वेचणीला जाणाऱ्या बाईला तो कसा जमावा? मला वाटतं, पदार्थ झटपट करण्याआधी त्यातला वेळ काय काम करतो ते बघावं. कासुलेत तो तीन कामं करतो. दाणा मऊ करतो. चरबी आणि हाडांतला चिकटपणा दाण्याच्या पोटात उतरवतो. आणि वर तपकिरी साय धरतो, जी मोडून पुन्हा पुन्हा आत दाबायची असते. तिकडचे जुने लोक सात वेळा म्हणतात.

पहिलं काम कुकर करतो. वाफ कोंडून हाडं मऊ करणारं भांडं १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडणारा डेनिस पॅपिन फ्रेंचच होता. आपल्याकडे हॉकिन्स आणि प्रेस्टीज दोन्ही कुकर १९५९ पासूनचे. उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, कुकरात ते एकशेवीसच्या आसपास पोचतं. एवढ्या वीस अंशांत तासांचं काम मिनिटांवर येतं.

दुसरं काम मात्र कुकरला पूर्ण जमत नाही. लग्नाच्या पंगतीतली डाळभाजी घरच्या डाळभाजीहून चांगली का लागते, याचा विचार करा. डाळ, पालक, फल्लीदाणे, लसूण सगळं तेच असतं. फरक असा की पंगतीतला गंज पहाटे चढतो आणि जेवणावळ सुरू होईपर्यंत निखाऱ्यावर मुरत राहतो. हे मुरणं कुकरच्या शिट्ट्यांनी भरून निघत नाही. पण मुरताना कुणी पहारा द्यायची गरज नसते. म्हणून माझ्या रीतीत काटछाट विस्तवाच्या वेळेत आहे, रात्री तशाच ठेवल्या आहेत. रात्री आपण झोपलेलोच असतो.

चार-पाच माणसांसाठी पाव किलो बरबटी रात्री लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ घालून भिजवा. मिठाने साल मऊ पडते. बोअरचं जड पाणी घेऊ नका. त्यातल्या चुन्याने दाणा टणक राहतो, हे आपल्याकडे प्रत्येक घराला ठाऊक आहे. अर्धा किलो मटणाला मीठ, मिरपूड आणि ठेचलेला लसूण चोळून तेही रात्रभर फ्रिजमध्ये.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चार भाजून साफ केलेले पाये कुकरात पाऊण तास. तिकडे डुकराची कातडी जो चिकटपणा देते, तो इथे पायांतून मिळतो. ही पायरी गाळली तर उरेल ती साधी उसळ. मटण तेलात लालसर परतून, कांदा, गाजर, भरपूर लसूण, तेजपान आणि दोन लवंगा घालून पायांच्या रश्शात पंधरा मिनिटं. बरबटी वेगळ्या पाण्यात, फक्त एक शिट्टी. तिचा दाणा नाजूक असतो, लगेच फुटतो. मग सगळं एकत्र करून दहा मिनिटं उकळी. टोमॅटो घालायचा तर आत्ता. आंबट आधी पडलं तर दाणा शिजायचा थांबतो. गार झालं की पुन्हा रात्रभर फ्रिजमध्ये.

बरबटीऐवजी पांढरा घेवडा किंवा राजमा घेणार असाल तर भिजवलेलं पाणी फेकून तो कुकरात वीस-पंचवीस मिनिटं पक्का शिजवा. अर्धाकच्चा राजमा पोट बिघडवतो, आणि लाल राजमा तर फारच.

तिसऱ्या दिवशी पसरट मातीचं भांडं किंवा जाड कढई घ्या. वर ज्वारीच्या शिळ्या भाकरीचा चुरा तेलात चोळून पसरा. पाव शोधत बसायची गरज नाही. कास्तेलनोदारीचे कट्टर लोक तर पावाचा चुराही मानत नाहीत. ओव्हन असेल तर अर्धा तास. नसेल तर आपली जुनी पद्धत : खाली मंद आच आणि झाकणावर गोवऱ्यांचे निखारे. साय धरली की मोडून आत दाबायची, पुन्हा धरू द्यायची. दोनदा पुरे.

यात गरम मसाला घालू नका. विदर्भाच्या माणसाला हे कठीण जातं, मला कळतं. पण इथे चव लसणाची, हाडांची आणि दाण्याची आहे, आणि काळा मसाला तिन्ही झाकून टाकतो. ठेचा ताटात वेगळा घ्या.

मांस न खाणाऱ्या घरी मी पायांऐवजी वाटीभर शिजलेली बरबटी घोटून रस्सा दाट करते आणि कढीगोळ्यांना करतो तसे भरड डाळीचे गोळे वाफवून शेवटी सोडते. तो कासुले नव्हे, पण भाकरीबरोबर उत्तम लागतो. होळीनंतर मात्र दोन्ही बंद. आपल्या उन्हाळ्यात बाहेर भिजवलेली बरबटी सकाळपर्यंत फसफसते, आणि पायांचा दाट रस्सा चव्वेचाळीस अंशांत कुणाला नको असतो.