भट्टीतले आठ तास

यंदाच्या टेक्निकल फेस्टमध्ये निम्म्या पोस्टरवर 'मेटल थ्री-डी प्रिंटिंग' होतं आणि उरलेल्या निम्म्यांवर 'ग्रीन हायड्रोजन'. एका पठ्ठ्याने तर दोन्ही एकत्र आणले: प्रिंट केलेल्या पोलादी भागांची हायड्रोजन टाकी! पहिलं बक्षीस अर्थातच त्याला. टाळ्या मीही वाजवल्या. पण हॉस्टेलवर परत येताना एक प्रश्न डोक्यातून जाईना. हायड्रोजनने हे भाग ठिसूळ झाले तर? हा प्रश्न कोणीच विचारला नाही. मला तो सुचला याचं कारण माझी हुशारी नाही. कारण वेगळं आहे, तेच सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात नागापूर एमआयडीसीतल्या एका लहान प्लेटिंग शॉपमध्ये मी इन-प्लांट ट्रेनिंगला होतो. काम बघायला सोपं. बोल्ट येतात, ॲसिडच्या टाकीत गंज निघतो, मग झिंकच्या टाकीत करंट, धुणं, वाळवणं, पॅकिंग. त्या दिवशी १२.९ ग्रेडचा, म्हणजे चांगलाच कडक माल होता. असा माल प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत भट्टीत घालून १९० ते २२० अंशांवर तापवायचा असतो. तिथल्या फळ्यावर आठ तास लिहिलेले होते. जास्त कडक पोलादाला याहूनही जास्त लागतात. पण टेम्पो दारात उभा होता. सुपरवायझर काका म्हणाले, "आता भट्टी लावली तर उद्याची सकाळ उजाडेल. तू रजिस्टरला आठ तास लिहून टाक. माल बघ कसा चमकतोय, कोण विचारतंय?"

मी लिहिलं. अक्षर माझं, सही माझी.

तिसऱ्या दिवशी फोन आला. संध्याकाळी नीट आवळलेल्या बोल्टांपैकी काहींची डोकी रात्रीत आपोआप तुटून खाली पडली होती. मशीन बंद होतं, हात कोणी लावला नव्हता. नशीब, खाली माणूस नव्हता. दोष गेला हीट ट्रीटमेंटवाल्याच्या नावावर. काका गप्प, आणि मीही गप्प.

आपल्या पुस्तकात या प्रकाराला 'हायड्रोजन एम्ब्रिटलमेंट' म्हणून दोन ओळी आहेत. व्हायवापुरत्या पाठ करतो आणि विसरतो. खरं तर गोष्ट जुनी आहे. १८७५ साली विल्यम जॉन्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं, की ॲसिडमध्ये थोडा वेळ बुडवलेली लोखंडी तार वाकवली की मोडते, आणि मोडलेल्या जागी ओल लावली की बुडबुडे येतात. तार काही काळ नुसती ठेवली तर ती पुन्हा चिवट होते. म्हणजे आत शिरलेला हायड्रोजन बाहेर निघून जातो. भट्टीतले आठ तास असतात ते याच्यासाठी. हायड्रोजनचा अणू इतका लहान की पोलादाच्या जाळीतून तो फिरतो आणि जिथे ताण जास्त तिथे गोळा होतो. बोल्टच्या बाबतीत ती जागा म्हणजे डोक्याखालचा कोपरा आणि आट्यांचा तळ. तिथे बारीक चीर पडते, हळूहळू वाढते, आणि तासांनी किंवा दिवसांनी बोल्ट तुटतो. पोलाद जितकं कडक तितका धोका जास्त. साध्या नरम बोल्टला याची फारशी भीती नाही.

'एवढ्याशा प्लेटिंग शॉपची गोष्ट' म्हणून हसू नका. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या बे ब्रिजवर झिंक चढवलेले ९६ जाडजूड रॉड ताणले, आणि थोड्याच दिवसांत त्यातले ३२ तुटले. कारण हेच. तिथे पैसा, तज्ज्ञ, यंत्रं, कशाचीच कमतरता नव्हती.

आता प्रिंटिंगकडे येऊ. त्याचं कौतुक मलाही आहे. ९ मे २०२४ ला इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं प्रिंट केलेलं इंजिन सलग ६६५ सेकंद चालवून दाखवलं. १४ भागांचा एक भाग झाला, १९ वेल्डिंगचे जोड गेले. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण ते इंजिन हायड्रोजनवर चालत नाही, हे पोस्टरवाल्यांनी लक्षात ठेवावं. लेझरने पावडर वितळवून थरावर थर चढवताना धातू क्षणात वितळतो आणि क्षणात गोठतो. त्यामुळे आत ताण अडकून राहतो, कुठे थर नीट न मिळाल्याने पोकळ्या राहतात, आणि कणांची रचना ओतीव किंवा घडीव धातूपेक्षा वेगळीच होते. हायड्रोजनला लपायला आणि चीर पाडायला अशा जागा आयत्याच मिळतात. शिवाय थर कोणत्या दिशेने चढवले त्यावरही ताकद बदलते. भरीस भर म्हणजे प्रिंट झालेला जॉब गुळगुळीत करायला कित्येकदा ॲसिडमध्येच घालतात. म्हणजे फिरून पुन्हा आमची नागापूरची टाकी!

काही जण म्हणतील, 'मग प्रिंटिंग वाईटच का?' तसं नाही. प्रिंट केलेलं ३१६एल स्टेनलेस स्टील काही चाचण्यांत नेहमीच्या स्टीलच्या बरोबरीने टिकलेलं आहे. योग्य उष्णता-प्रक्रियेने आतला ताण कमी होतो, गरम दाबाने पोकळ्या बुजवता येतात. मुद्दा इतकाच, की एका धातूचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही. तो जॉब, ती पावडर, ती दिशा घेऊन, हायड्रोजन देऊन तपासावंच लागतं.

आणि आपण काय तपासतो? लॅबमध्ये टेन्साइल टेस्ट घेतो. पाच मिनिटांत नमुना तुटतो, आलेख काढला, फाईल सबमिट. माझे ते बोल्टही अशा झटपट चाचणीत कदाचित पास झाले असते. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ते असं. या रोगाची खरी चाचणी म्हणजे ताण देऊन वाट बघणं. काही मानकांत तर नमुना २०० तास ताणलेला ठेवतात.

म्हणून सरांना माझी एक विनंती आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला १९,७४४ कोटी मंजूर केले, त्याच वर्षी महाराष्ट्राचंही धोरण आलं. उद्या या क्षेत्रात नोकरीला आपणच जाणार. मग आपल्या लॅबमध्ये एवढा एक प्रयोग घ्या: १२.९ चे दहा बोल्ट प्लेटिंग करून आणू. पाच भट्टीतून काढलेले, पाच तसेच. जाड पट्टीवर आवळायचे, डोकं उडू नये म्हणून वरून लोखंडी पेटी झाकायची, आणि दोन दिवस थांबायचं. खर्च मेसच्या एका फीस्टपेक्षा कमी येईल. दहाही बोल्ट शाबूत राहिले तरी वाट बघायची सवय तर लागेल.

आणि मित्रहो, तुम्हाला एकच सांगणं. तुमच्यापुढेही कधीतरी असं रजिस्टर येईल, टेम्पो दारात उभा असेल, आणि काका प्रेमानेच सांगतील, 'लिहून टाक.' धातूच्या आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. गिऱ्हाईक विश्वास ठेवतं ते त्या कागदावरच्या आकड्यावर.

माझ्या ट्रेनिंग रिपोर्टमध्ये हा प्रसंग नाही. तिथे मी 'बेकिंग : ८ तास' असंच लिहिलं होतं आणि त्याला चांगले मार्कही मिळाले. म्हणून तो इथे लिहिला.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी