पाण्याचा उतार कोणाच्या दाराकडे?

दर पावसाळ्यात मुंबईचे सखल भाग पाण्याखाली जातात आणि दर वेळी त्याचे खापर पावसावर, भरतीवर, नाहीतर नाल्यात कचरा टाकणाऱ्या झोपडीवासीयांवर फोडले जाते. बांधकाम परवानगीच्या कागदातील एका साध्या अटीकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही.

ही अट मुंबई महानगरपालिका वर्षानुवर्षे घालीत आली आहे. सखल भूखंड ‘टाउन हॉल डेटम’ या संदर्भपातळीनुसार 92 फुटांपर्यंत, अथवा लगतच्या रस्त्याहून सहा इंच उंच, यांपैकी जे अधिक असेल तिथवर मुरूम-मातीने भरावा, दाबून सपाट करावा व त्याला रस्त्याकडे उतार द्यावा, असे ती सांगते. ही अट नसती तर नव्या इमारतींत पाणी शिरले असते, हे खरे. पण त्या भूखंडावर आजवर मुरणारे वा साठणारे पाणी आता कोठे जाणार, हे ती विचारीत नाही. उत्तर उघड आहे. ते रस्त्यावर येते आणि रस्त्यावरून, ज्याच्यापाशी भराव घालण्यास पैसा नाही त्या चाळीत आणि झोपडीत शिरते. पुढे जुना थर न खरवडता रस्त्यावर नवा थर चढतो, आणि त्या वाढलेल्या पातळीवरून पुढच्या इमारतीचे सहा इंच मोजले जातात. कामगाराचा उंबरठा न हलताच खाली जातो.

जुनी पर्जन्यजल व्यवस्था ताशी 25 मिलिमीटर पाऊस आणि त्यातील निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असे धरून आखलेली होती. 1985 च्या पुरानंतर हाती घेतलेल्या व 1993 मध्ये सादर झालेल्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ताशी 50 मिलिमीटरची क्षमता सुचविली आणि पाणी मुरण्याचा हिशेबच सोडून दिला. शहरात उघडी जमीन उरली नाही, याचीच ती कबुली होती. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा त्या अहवालातील बहुतेक कामे कागदावरच होती.

उघडी जमीन आपोआप नाहीशी झालेली नाही. 1991 च्या नियमावलीनुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी मिळावयाचा होता. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीच्या आवारातील केवळ रिकाम्या जागेपुरती आक्रसली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. त्याच गिरणगावाच्या कुशीतील हिंदमाता परिसर बशीसारखा सखल आहे. तेथे तुंबणाऱ्या पाण्यासाठी पुढे सार्वजनिक पैशातून भूमिगत टाक्या बांधाव्या लागल्या. जमिनीचा नफा खासगी, पाण्याचा खर्च सार्वजनिक!

हा प्रश्न एकट्या मुंबईचा नाही. बंगळूरमध्ये तलावांना जोडणाऱ्या राजकालुव्यांच्या काठी 50, 35 व 25 मीटर जागा मोकळी सोडावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने मे 2016 मध्ये दिला. लवादाला नगरविकास आराखडा बदलण्याचा अधिकार नाही, या कारणास्तव मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सप्टेंबर 2022 मध्ये शहराच्या पूर्वेकडील वसाहतींतून लोकांना बोटींनी व ट्रॅक्टरने बाहेर काढावे लागले. त्यांत श्रीमंतांचे बंगलेही होते, हे खरे. पण त्यांना हॉटेलात जाता आले. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराला असा पर्याय नसतो.

तेव्हा लढा केवळ नालेसफाईपुरता मर्यादित ठेवून भागणार नाही. भरावाला परवानगी देताना एका भूखंडाची नव्हे, तर संपूर्ण पाणलोटाची पातळी मोजली जावी. भराव घालणाऱ्याने शेजारच्या सखल वस्तीचे पाणी वाहून नेण्याची सोय स्वखर्चाने करावी. रस्त्याचा जुना थर काढल्याविना नवा चढवू नये. प्रत्येक भूखंडाचा ठरावीक भाग पाणी मुरण्यासाठी उघडा ठेवणे सक्तीचे व्हावे. आणि 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने निर्माण केलेल्या प्रभाग समित्यांपुढे हे आराखडे लोकभाषेत मांडून त्यांवर जाहीर सुनावणी व्हावी.

शहरांतील शाखांनी पावसाळ्यापूर्वीच आपापल्या वस्तीत उंबरठा, रस्ता आणि नव्या इमारतीचे आवार यांच्या पातळ्या मोजाव्यात व त्यांची नोंद ठेवावी. फूटपट्टी आणि पाण्याची नळी एवढ्या साधनांनी हे काम होते. पाणी उताराकडे धावते, हा निसर्गाचा नियम आहे. उतार कोणाच्या दाराकडे करावयाचा, हे मात्र माणसे ठरवितात. म्हणूनच तो बदलताही येतो.