बरे झाल्यानंतरचे घर

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तेथे आजार आटोक्यात आलेल्यांपुढे खरा प्रश्न उभा राहतो तो घरी परतण्याचा. पत्ता बदललेला असतो, आई-वडील हयात नसतात, भावंडे टाळतात. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ रोजी लागू झाला. त्याच्या कलम १९नुसार, केवळ कुटुंब नाही किंवा ते स्वीकारत नाही म्हणून कोणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही. अशांसाठी निवासाची सोय करणे सरकारवर बंधनकारक आहे. मात्र औषधांइतकीच निवारा, रोजगार आणि शेजाऱ्यांच्या स्वीकाराची गरज असते. त्यांच्याविना रुग्ण बरा होऊनही ‘रुग्ण’च राहतो.