सुट्या स्विचवर जकात, अख्ख्या कीबोर्डला सूट

६१ कळांचा आटोपशीर मेकॅनिकल कीबोर्ड उघडायला फारशी हत्यारे लागत नाहीत. कळांच्या टोप्या उपसल्या आणि स्क्रू काढले की आवरण सुटते. आत स्विच धरून ठेवणारी पट्टी, आवाज शोषणारा फोम, खाली सर्किट बोर्ड आणि त्यावर प्रत्येक स्विचसाठी एक डायोड. अनेक कळा एकदम दाबल्या तरी संगणकाचा गोंधळ होत नाही, तो या डायोडांमुळे. अलीकडच्या अनेक कीबोर्डांत स्विच सोल्डरने जोडलेले नसतात. खोबणीतून उपटून नवा बसवता येतो. दुरुस्तीच्या दृष्टीने ही फार मोलाची सोय आहे.

स्विच उघडला तर दोन अर्धांची डबी, स्प्रिंग, संपर्कपत्र्या आणि सरकता दांडा एवढाच ऐवज. दांड्याच्या माथ्यावर अधिक चिन्हाचा आकार दिसतो. तो ‘चेरी’ कंपनीच्या एमएक्स स्विचचा वारसा. १९५३ मध्ये अमेरिकेत जन्मलेली ही कंपनी पुढे जर्मन झाली. २०१४ च्या सुमारास पेटंटची मुदत संपली आणि गेटरॉन, कैल या चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले. नक्कल म्हणून हिणवलेला हा माल आज अनेक जाणकारांना मुळापेक्षा सफाईदार वाटतो. २०२५ मध्ये तर खुद्द चेरीनेच जर्मनीतील आउअरबाखचे स्विच-उत्पादन थांबवून ते बाहेर हलवले.

त्याच वर्षी अमेरिकेने चिनी मालावरील नवे शुल्क १४५ टक्क्यांपर्यंत नेले. कारखाने मायदेशी आणणे हा घोषित हेतू. परंतु ११ एप्रिलला संगणक व तत्सम उपकरणे ‘परस्पर’ शुल्कातून वगळण्यात आली. जकातीच्या वर्गवारीत पूर्ण कीबोर्ड ८४७१ या शीर्षकाखाली, संगणकाचे अंग म्हणून येतो. या सवलतीचा लाभ त्याला मिळाला. सुटा स्विच मात्र ८५३६ खाली, विजेच्या बटणांच्या पंगतीत. तो वगळलेल्यांच्या यादीत नव्हता. त्यातच ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी चीनपुरती २ मे रोजी आणि उर्वरित जगासाठी २९ ऑगस्टला संपली.

परिणाम उलटाच झाला. परदेशात जोडलेली अख्खी वस्तू तुलनेने सुटली. सुटे भाग आणून अमेरिकेत जोडणी वा दुरुस्ती करणाऱ्यावर बोजा पडला. जोडणी देशात व्हावी असे म्हणणाऱ्या धोरणाने जोडणीचाच कच्चा माल महाग करावा, याला दूरदृष्टी म्हणणे कठीण. दर पुढे मे महिन्यात उतरले, तरी वर्गवारीतील हा भेद कायम राहिला. मोठ्या आयातदाराकडे जकातीचे सल्लागार असतात. घाऊक स्विच मागवून दहा-दहाच्या पुड्यांत विकणाऱ्या छोट्या अमेरिकी दुकानदाराला मात्र पुढची खेप कोणत्या दराने सुटेल याचा अंदाज न बांधताच मागणी नोंदवावी लागली.