ई-पीक पाहणीचं ॲप शेवटच्या दिवसांतच का अडकतं? उत्तर ६० वर्षं जुनं आहे

यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके. खरिपात कापूस, सोयाबीन, तूर. पेरणी झाली की शेतकऱ्याला आणखी एक काम असतं. शेतात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा आणि पीक सातबाऱ्यावर चढवायचं.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. हमीभावाने विक्री असो की नुकसानभरपाई, ही नोंद विचारली जाते. त्यामुळे मुदत संपत आली की सगळे एकदमच ॲप उघडतात आणि स्क्रीनवर चक्र फिरत राहतं.

हे होतं कशामुळे?

१९६०च्या आधी मोठा संगणक एका वेळी एकाचंच काम करायचा. पंच कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि उत्तरासाठी तासन्‌तास थांबायचं. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांदो कोर्बातो यांच्या गटाने 'टाइम-शेअरिंग' करून दाखवलं. संगणक आपला वेळ बारीक तुकड्यांत वाटतो आणि प्रत्येकाला आळीपाळीने देतो. पाळी इतक्या झटपट येते की प्रत्येकाला वाटतं, मशीन आपलंच आहे.

सामाईक विहिरीवरून पाळीने ओलीत करतात, तसंच हे. पाणी तेवढंच, वाटेकरी वाढले की पाळी लांबते. आज सर्व्हर अनेक असले, तरी गणित तेच आहे.

सातबाऱ्याचा साचा

याच यंत्रणेवर १९६४ मध्ये जेरोम सॉल्त्झर यांनी 'रनऑफ' लिहिलं. त्यात मजकूर साधा टाइप करायचा आणि मांडणीची सूचना टिंबाने सुरू होणाऱ्या वेगळ्या ओळीत द्यायची. छापताना संगणक दोन्ही जुळवायचा.

मजकूर वेगळा, मांडणी वेगळी. डिजिटल सातबाराही याच विचारावर चालतो. शेतकरी फक्त पीक आणि क्षेत्र भरतो, गाव नमुना १२ चे रकाने संगणक मांडतो. म्हणूनच वणीचा आणि पुसदचा उतारा एकाच साच्यात निघतो.

मग उपाय काय?

आधी दोष ओळखायला हवा. रेंज नसेल तर माहिती सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. गर्दी असेल तर ती पोचते, पण रांगेत थांबते. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबलं, तर रांग आणखी वाढू शकते.

मुदतवाढीने दिलासा मिळतो, पण बरेचदा गर्दी नव्या शेवटच्या तारखेवर सरकते. तालुकावार दिवस वाटून देणं, फोटो फोनमध्ये साठवून रात्री पाठवण्याची सोय आणि मुदतीच्या आठवड्यापुरती सर्व्हरची क्षमता वाढवणं, हे उपाय पाळीचं गणित खरोखर बदलतात.

नाहीतर पीक शेतात उभं असेल, पण सातबाऱ्यावर दिसणार नाही.