कुत्री मारून रेबीज मरत नाही

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पोलंडच्या बाजूने लाल कोल्ह्यांमधला रेबीज पश्चिमेकडे सरकू लागला. वर्षाला वीस ते साठ किलोमीटर, अशी त्याची चाल होती. 1967 मध्ये तो स्वित्झर्लंडमध्ये शिरला. इतर देशांनी केले तेच स्विस सरकारनेही केले. कोल्ह्यांना गोळ्या घातल्या, बिळांत विषारी वायू सोडला. साथ पुढे सरकतच राहिली, कारण एखाद्या टापूतले कोल्हे संपले की मोकळ्या झालेल्या जागेत शेजारचे तरुण कोल्हे येत आणि त्यांच्याबरोबर विषाणूही येई.

बर्नचे विषाणुतज्ज्ञ फ्रान्झ श्टेक आणि त्यांचे सहकारी वेगळ्या वाटेने गेले. कोल्हे राहू द्यायचे, पण त्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती आणायची. रानातल्या जनावराला सुई टोचणे शक्य नव्हते, म्हणून लस खाऊ घालायची ठरली. ऑक्टोबर 1978 मध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात कोंबडीची मुंडकी टाकण्यात आली. प्रत्येक मुंडक्याच्या कातडीखाली द्रवरूप लसीची छोटी पुडी दडवलेली होती. सोबत टेट्रासायक्लिनही होते. हे औषध हाडांत आणि दातांत साठते व अतिनील प्रकाशात चमकते, त्यामुळे कोणत्या कोल्ह्याने आमिष खाल्ले हे नंतर तपासता येई. जिनिव्हा सरोवराच्या पूर्वेला, खोऱ्याच्या तोंडाशी, लस मिळालेल्या कोल्ह्यांचा पट्टा तयार झाला आणि वर निघालेली साथ तिथे अडली. पुढे हीच पद्धत युरोपभर गेली. 1999 मध्ये स्वित्झर्लंड रेबीजमुक्त जाहीर झाला.

हा इतिहास आज आपल्याला नीट समजून घ्यावा लागेल. आपल्याकडे कोल्ह्यांच्या जागी रस्त्यावरची कुत्री आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात वर्षाला सुमारे 91 लाख लोकांना प्राणी चावतात आणि अंदाजे 5,700 माणसे रेबीजने दगावतात. लहान मुलाला कुत्रे चावल्याची बातमी आली की संताप उसळतो, आणि तो स्वाभाविक आहे. ज्यांचे मूल गेले त्यांना भूतदयेचे धडे देणे क्रूरपणाचे आहे. पण ‘सगळी कुत्री उचला’ या मागणीत एक धोका आहे, आणि तो माणसांच्याच जिवावर बेतणारा आहे.

एक पिसाळलेले कुत्रे सरासरी एक ते दोन कुत्र्यांनाच रोग देते. गोवराशी तुलना केली तर हा प्रसार फारच तोकडा आहे. म्हणूनच एखाद्या भागातल्या 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते. आता उचलण्याच्या मोहिमेत काय होते ते पाहा. पटकन हाती लागतात ती माणसाळलेली कुत्री, म्हणजे बहुतेकदा लस मिळालेलीच. बुजरी, लस न मिळालेली मागे राहतात. कुत्री कमी होतात, पण प्रतिकारशक्तीचे प्रमाणही घसरते. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर 1997 मध्ये रेबीज पोहोचल्यावर कुत्र्यांची प्रचंड कत्तल झाली. रेबीज मात्र बेटावर टिकून राहिला. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली कुत्री सरसकट उचलण्याचा आपलाच आधीचा आदेश बदलून, पिसाळलेली व आक्रमक वगळता बाकीची कुत्री निर्बीजीकरण आणि लसीकरणानंतर मूळ जागी सोडायला सांगितले. प्राणिप्रेमाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी रोगनियंत्रणाच्या दृष्टीने तो बदल योग्यच होता.

गोव्याने हे करून दाखवले आहे. तिथे पथके गल्लीबोळांत जाळी घेऊन फिरली. पकडलेल्या कुत्र्याला लस टोचायची, अंगावर रंगाची खूण करायची, मोबाईलवर नोंद करून तिथेच सोडायचे, असे काम वर्षाला सुमारे 95,000 कुत्र्यांपर्यंत गेले. कुत्र्यांतला रेबीज 92 टक्क्यांनी घटला. पण रस्त्यावरच्या कुत्र्याचे आयुष्य थोडे असते, दर हंगामात नवी पिल्ले येतात आणि एकदा टोचलेली लस जन्मभर पुरत नाही. एखादे वर्ष निधी अडकला, तर 70 टक्क्यांचे 40 व्हायला वेळ लागत नाही.

कुत्र्यांतला रेबीज संपेपर्यंत माणसांना वाचवायचे ते दंशानंतरच्या उपचारांनी. विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातो. त्याला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि आपल्या हाती असतो तो तेवढाच काळ. पाण्याचा घोट घशाखाली उतरेनासा झाला की वैद्यकशास्त्र जवळपास हतबल असते. म्हणून जखमेवर हळद, चुना, मिरचीपूड लावत बसू नये. साबण-पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि थेट दवाखाना गाठावा. रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही भरावे लागते, कारण लसीची ताकद अंगात यायला आठवडाभर तरी जातो. तालुक्याच्या रुग्णालयात लस असते आणि नेमके हेच नसते, तेव्हा चेहऱ्यावर चावा बसलेल्या मुलाला शहरात नेईपर्यंत मोलाचे तास जातात.

2030 पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट 2021 मध्ये जाहीर झाले. किती कुत्री पकडली, किती नसबंद्या झाल्या, हे आकडे त्यासाठी पुरेसे नाहीत. आपल्या प्रभागात कुत्री किती आणि त्यांतल्या किती टक्क्यांना या वर्षी लस टोचली, हे प्रत्येक नगरसेवकाला विचारले गेले पाहिजे, आणि उत्तर 70 च्या खाली असेल तर अर्थसंकल्पातली तरतूद त्याच बैठकीत वाढवून घेतली पाहिजे.