कडी लागली का?

लहानपणी आई रात्री दाराला कडी लावायची आणि मग दार एकदा ओढून बघायची. "अगं, लागली कडी!" असं बाबा अंथरुणातूनच म्हणायचे. तरी ती ओढायचीच.

हे आठवायचं कारण म्हणजे विमानाची दारं! अमेरिकेत कितीतरी हौशी लोक सुटे भाग मागवून घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधतात. त्यातलं एक चार जणांचं 'आरव्ही-१०'. त्याची दारं फायबरग्लासची. आतला आणि बाहेरचा भाग आपणच चिकटवायचा, वर छताला बिजागऱ्या बसवायच्या, कडा घासून दार चौकटीत जुळवायचं. मूठ फिरवली की एक खिट्टी पुढे आणि एक मागे सरकून चौकटीतल्या भोकांत शिरते.

चिकटवताना दार जरासं पिळलं गेलं तर एखादा कोपरा किंचित बाहेर राहतो. मग खिट्टी भोकात न जाता चौकटीच्या बाहेरूनच सरकते. मूठ मात्र पूर्ण फिरते! आत बसलेल्याला वाटतं, लागलं दार. विमान वर गेलं की छतावरून वाहणारी हवा दाराला बाहेर खेचते आणि दार उपटून जातं. असं एकापेक्षा जास्त वेळा घडलंय. शेवटी २०१० मध्ये कंपनीने दाराला आणखी एक, सुरक्षेची कडी बसवायला सांगितलं.

"वैमानिकाने नीट बघायला नको का?" असं काही जण म्हणतात. बघायला हवंच. पण अर्धवट लागूनही लागल्यासारखी वाटते ती कडीच नव्हे, असं माझं मत. मोठ्या कंपन्याही इथेच चुकल्या. डीसी-१० विमानाच्या सामानाच्या दाराचे आकडे पुरते अडकले नसले, तरी जोर लावून बाहेरची मूठ बंद करता यायची. १९७२ मध्ये कॅनडातल्या विंडसरवर ते दार उडालं, विमान कसंबसं उतरलं. १९७४ मध्ये पॅरिसजवळ तेच झालं आणि ३४६ माणसं गेली.

घरी विमान बांधणारा इंजिनावर महिनोन्महिने डोकं लावतो. दार मात्र शेवटी शेवटी, दमल्यावर, एकदाचं उरकायचं काम होऊन बसतं. आणि उद्या त्याच दाराला टेकून त्याची बायको-मुलं बसणार असतात. दुसरी कडी लावण्यात कारागिराला कसला आलाय कमीपणा?

आणि ती लावल्यावरही, उडण्याआधी दार एकदा आतून ढकलून बघावं. आई काही वेडी नव्हती.